तीन नावांचा कागद

अलोरे, आज

श्रावणातली सकाळ. अलोऱ्याच्या एसटी थांब्यावर तुम्ही उभे आहात. कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर ढग बसलेत, वाशिष्ठी गढूळ झालीय आणि प्रकल्पाच्या वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आंब्याची ओली पानं चिकटून राहिलीत. छातीशी धरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद आहे. कागदावर तीन नावं आहेत: तुमचा आतेभाऊ, गुरुजी आणि तुम्ही.

आतेभावानं टेम्पोसाठी पतसंस्थेतून कर्ज काढलं, तेव्हा तुम्ही आणि गुरुजी जामीन राहिलात. सही केली त्या दिवशी टेबलावर चहा आला होता, एवढंच तुम्हाला आठवतं. पुढं हप्ते थकले. आतेभाऊ मुंबईला गेला आणि फोन उचलेनासा झाला. काल पोस्टमननं हा कागद हातात ठेवला. पाच लाख साठ हजार रुपये, तिघांकडून, 'एकत्रितपणे अथवा स्वतंत्रपणे'.

"कोर्टाचा कागद ना? मग वर अपील करा," थांब्यावरचे एक काका सांगतात.

"अपील नाही होत त्याच्यावर," दुसरे म्हणतात. "आमच्या मेव्हण्याचं असंच झालं. घर गेलं त्याचं."

दोघं तुमच्याच भल्यासाठी बोलतायत आणि दोघांची उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. तुम्ही कागद पुन्हा काढता. रकमेवर नजर अडते आणि तिथून पुढं सरकत नाही. ज्याच्या हातात असा कागद पडतो त्याचं असंच होतं. तो आकडा वाचतो आणि बाकीचा कागद तसाच राहतो.

कराडकडची गाडी येते. चढा. खिडकीपाशी बसा. ज्या प्रश्नावर थांब्यावरच्या दोघांचं जमलं नाही, तो या मुलखानं दीडशे वर्षांत वेगवेगळ्या कागदांवर सोडवलाय. तो कसा, ते पाहून येऊ.

पोफळी मागं पडते तशी वर्षंही मागं पडायला लागतात. कोळकेवाडी धरणातलं पाणी उतरतं आणि तळातले बांध उघडे पडतात. ११ डिसेंबर १९६७ची पहाट एका वळणावर गाडीला हादरा देऊन जाते. १९६२ ओलांडलं की पोफळीचं वीजघर विझतं. मग डांबर संपतं, गाडीची बैलगाडी होते, आणि घाटमाथ्यावर तुमच्या तोंडावर जो वारा येतो तो कोरडा आहे. तुम्ही देशावर आलात.

सुपे, १२ मे १८७५

बाजाराचा दिवस आहे. उन्हानं जमीन भाजते. भीमथडी तालुक्यातल्या या गावात आज माल घ्यायला आलेल्यांपेक्षा नुसते उभे असलेलेच जास्त आहेत, आणि त्यांचे डोळे सावकारांच्या दुकानांवर आहेत.

गर्दी सरकते तसे तुम्हीही सरकता. दारं ढकलली जातात. धान्य आणि कापडही लुटलं जातं, पण आत शिरलेल्या माणसांचे हात शोधतायत ते कागद: खतं, रोखे, हुकूमनामे. ज्यानं मुकाट्यानं कागद काढून दिले, त्याच्या अंगाला सहसा कुणी हात लावत नाही. चौकात ढीग होतो. कुणीतरी चूड लावतं.

तुमच्या शेजारी एक कुणबी उभा आहे. वाऱ्यानं उडालेला अर्धवट जळका तुकडा तो उचलतो, उलटा धरतो, सुलटा धरतो.

"हे माझंच का?" तो तुम्हाला विचारतो.

त्याला वाचता येत नाही. कोर्टात त्याच्यावर दावा झाला तेव्हा तो गेलाच नाही. समन्स पोचलं असेल किंवा नसेलही. निकाल एकतर्फी लागला, आणि सुप्यात आज जे हुकूमनामे जळतायत त्यांतले पुष्कळ असेच आहेत. त्यात १८५९च्या मुदतीच्या कायद्यानं भर घातली. साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आली. कायदा करणाऱ्यांना वाटलं होतं, जुनी कर्जं उकरून काढायची सवय त्यामुळं मोडेल. सावकारानं मात्र दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि प्रत्येक नव्या खतात मागलं व्याज मुद्दल होऊन बसलं.

हा हिशेब बोटांवर करून पाहा. पन्नास रुपये, शेकडा चोवीसनं. तीन वर्षांनी शहाऐंशी. शहाऐंशीचं नवं खत लिहा, आणखी तीन वर्षांनी एकशे अठ्ठेचाळीस. पुन्हा नवं खत, आणखी तीन वर्षं: दोनशे चोपन्न. नऊ वर्षांत कुणब्याच्या घरात पन्नास रुपयांच्या वर एक पैसा आलेला नाही.

या माणसाला कायद्यानं अपिलाचा हक्क होता. पण ज्याला आपल्यावर निकाल झाल्याचं जप्ती आल्यावर कळतं, त्याच्या हातात तो हक्क कोणत्या दिवशी येतो? मुदत तर केव्हाच उलटून गेलेली असते. त्याच्या हाताला लागेल अशी एकच गोष्ट उरते, चूड.

धूर डोळ्यांत जातो. पुढं व्हा.

पुणे जिल्हा, १८९०

थंडीचे दिवस. तालुक्याच्या गावाबाहेर तंबू पडलाय. बाहेर घोंगड्या पांघरून माणसं बसलीत, आत बैठकीवर दप्तरांच्या चळती आहेत. दप्तरांच्या मागं बसलेले धिप्पाड गृहस्थ डोळ्यांच्या अगदी जवळ धरून एकेक कागद वाचतायत. हे महादेव गोविंद रानडे. दख्खन शेतकरी कायद्याखाली नेमलेले स्पेशल जज्ज.

सुप्याच्या धुरातून हा कायदा निघाला. दंग्यांची चौकशी झाली आणि १८७९ साली 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट' आला. आधी पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना. त्याच्या १२व्या कलमानं न्यायाधीशावर एक काम घातलं: खतावरच्या आकड्यावर थांबायचं नाही, व्यवहार जिथून सुरू झाला तिथपर्यंत मागं जायचं.

आज तुमच्यासमोर निघालेल्या दप्तरातही तीन नावं आहेत: कर्ज घेणारा कुणबी, त्याचा भाऊ आणि जामीन राहिलेला शेजारी. दावा दोनशे चोपन्न रुपयांचा. कारकून खतं क्रमानं मांडतो आणि वाचतो. सर्वांत वरचं दोनशे चोपन्नचं, त्याखाली एकशे अठ्ठेचाळीसचं, त्याखाली शहाऐंशीचं. तळाला पन्नास. आता मुद्दल वेगळं मांडायचं, व्याज वेगळं. व्याजावर व्याज चढवायचं नाही. आणि दामदुपटीचा जुना नियम धरायचा, म्हणजे व्याज मुद्दलाच्या पलीकडं जाणार नाही. दोनशे चोपन्नचे शंभराच्या आत येतात, त्यातून भरलेलं वजा.

तुम्ही कारकुनाजवळ सरकता आणि आपला प्रश्न विचारता. "खालच्या कोर्टाचा हुकूम चुकला तर यांना अपील आहे का?"

"नाही. दहावं कलम. एवढ्या रकमेच्या दाव्यात अपीलच ठेवलेलं नाही."

तुम्हाला धक्का बसतो. शेतकऱ्याच्या भल्याचा कायदा आणि अपील नाही?

"सावकारालाही नाही," कारकून म्हणतो आणि पुढचं दप्तर सोडायला लागतो.

इथं थोडा वेळ बसा. अपिलाची शिडी चढायला पैसा लागतो, वकील लागतो, जिल्ह्याच्या गावी राहायला जागा लागते. खाली कुणबी जिंकला तरी सावकार त्याला वरच्या पायरीवर ओढू शकत होता, आणि तिथं कुणबी दमायचा. म्हणून शिडीच काढून घेतली. पण तिच्या जागी दुसरं काही ठेवलं. ५३व्या कलमानं जिल्हा न्यायाधीशाला आणि ५४व्यानं स्पेशल जज्जाला खालच्या कोर्टांचे कागद मागवून तपासायचा, निकाल चुकला असेल तर दुरुस्त करायचा अधिकार दिला. याला पुनरीक्षण म्हणतात, कोर्टातल्या बोलीत रिव्हिजन. त्यासाठी वरचा न्यायाधीशच गावोगाव फिरत होता. कुणबी त्याच्या दारी जात नव्हता, दप्तर तपासायला तोच इथं आलाय.

रानडे काही बोलत नाहीत. एका खतावर बोट ठेवून कारकुनाकडं बघतात. त्या खतावर जामिनाची सही आहे, आणि पुढच्या खतावर ती नाही. खत नवं करताना जामिनाला कुणी विचारलंच नव्हतं. कुणब्याचं देणं एका आकड्यावर थांबतं. जामिनाच्या नावापुढं मात्र आता वेगळा प्रश्न उभा राहिलाय.

हे नीट पाहून घ्या. तुमच्या पिशवीतल्या कागदावरही तीन नावं आहेत.

चिपळूण, १९४८

परतीचा घाट उतरताना वर्षं पुढं सरकतात. १९०५ मध्ये दख्खन शेतकरी कायद्यातली महत्त्वाची कलमं इलाख्याच्या इतर जिल्ह्यांना लागू होतात आणि रत्नागिरीपर्यंत पोचतात. खाली उतरता तेव्हा खोतीचा अंमल अजून आहे. चिपळुणात १४ एप्रिल १९२९ रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली शेतकरी परिषद भरते आणि खोतीविरुद्धचा आवाज मोठा होतो. अलोऱ्यात अजून ना वसाहत ना विजेचा खांब. घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत आहे आणि गावाचं वर्ष मनिऑर्डरीवर निभतं.

चिपळूणच्या दिवाणी कोर्टाच्या पडवीत बसा. बाहेर गोवळकोटच्या धक्क्याकडं जाणाऱ्या गाड्यांची खडखड आहे. आत १९४७चा शेतकरी कर्जनिवारण कायदा चाललाय. १९३९च्या कायद्यानं हे काम कर्जमंडळांकडं दिलं होतं, आता ते दिवाणी न्यायाधीशाकडं आलंय.

या कायद्यात पाच सावकारांचे पाच दावे पाच तारखांना चालत नाहीत. शेतकऱ्यानं किंवा कुणाही एका धनकोनं अर्ज केला की सगळ्या धनकोंना नोटीस जाते आणि सगळं देणं एका टेबलावर येतं. एकूण कर्ज पंधरा हजारांच्या आत असावं लागतं. मग कोर्ट हिशेब करतं, फेडण्याची ऐपत बघतं आणि हप्ते बांधून एकच निवाडा देतं.

आज पुकारा झालाय तो एका म्हाताऱ्याचा. धोतर गुडघ्यापर्यंत, खांद्यावर कांबळं, हातात काठी. त्याच्या मागं तिघं: वाणी, गावचा सावकार आणि 'मुदत खरेदी' करून वरकस जमीन बळकावून बसलेला एक शेजारी. चौथाही एक होता, पण त्यानं मुदतीत आपल्या येणे रकमेचा तक्ताच दिला नाही.

निवाडा वाचला जातो. तुम्ही फक्त चेहरे बघा.

वाण्याची रक्कम जवळजवळ तशीच धरली जाते, तो गप्प बसतो. सावकाराचं व्याज छाटलं जातं, तो वकिलाच्या कानाशी लागतो. शेजाऱ्याची खरेदी कोर्ट खरेदी मानत नाही. दस्तावर विक्री लिहिली असली तरी व्यवहार गहाणाचा होता, असं २४व्या कलमाखाली ठरतं, आणि शेजारी उभ्याउभ्या घामाघूम होतो. जो आलाच नाही त्याचं येणं बुडालं. त्याला हे घरी बसूनच कळेल.

कागद एकच आणि हुकूमही एकच. एकासाठी त्यात काही बदललेलं नाही. दुसऱ्यासाठी थोडं कमी झालं. तिसऱ्याची जमीन हातची गेली. चौथ्याच्या बाबतीत सगळंच संपलं.

"ओ, वकीलसाहेब," शेजारी बाहेर येऊन विचारतो, "अपील हाय ना ह्याच्यावर?"

वकील पुस्तक काढून ४३वं कलम उघडतात. अमुक हुकमांवर अपील आहे, निवाड्यावर आहे, जिल्हा कोर्टात. जे त्या यादीत नाही त्यावर नाही. "तुमच्या बाबतीत काय ठरलंय आणि कोणत्या कलमाखाली ठरलंय, ते आधी सांगा," वकील म्हणतात. "मग अपिलाचं बोलू."

म्हातारा पायरीवर बसलाय. हप्ते किती, एवढंच तो पट्टेवाल्याला पुन्हा पुन्हा विचारतो.

दिल्ली, एप्रिल १९७४

आता एक लांबचा मुक्काम, पण थोड्याच वेळाचा. सर्वोच्च न्यायालय. न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड, पुण्याचे, निकाल देतायत. खटल्याचं नाव गंगाबाई विरुद्ध विजयकुमार.

गोष्ट घराघरांतली आहे. बापानं मालमत्ता गहाण टाकून कर्ज काढलं. धनकोनं बापावर आणि मुलांवर दावा लावला. मुलं म्हणाली, आमची वाटणी झालीय. खालच्या कोर्टानं ती वाटणी दिखाऊ ठरवली आणि प्राथमिक हुकूमनामा दिला. मुलांना खुपलं ते वाटणीबद्दलचं मत. त्यांनी अपील केलं, तेही फक्त त्या मतावर.

न्यायालय सांगतं ते तुम्ही मराठीत मनाशी लिहून घ्या. दावा लावायला कुणाची परवानगी लागत नाही. कायद्यानं मनाई केलेली नसेल तर दिवाणी दावा कुणालाही लावता येतो. अपिलाचं तसं नाही. अपील अमुक कायद्याच्या अमुक कलमानं दिलेलं असेल तरच असतं. आणि ते हुकूमनाम्यावर असतं. निकालपत्रात लिहिलेल्या एखाद्या मतावर, ते कितीही झोंबलं तरी, वेगळं अपील होत नाही.

हे ऐकायला कठोर वाटतं. सुप्याचा तो कुणबी आठवला की जास्तच. पण यामुळं तुमच्या हातात एक मोजमाप आलं. कागद हातात पडला की निकाल चुकीचा आहे का, हे आधी शोधायचं नाही. आधी शोधायचं: हा कागद काय आहे आणि तो कोणत्या कलमानं जन्मला? दाव्यातले हक्क ठरवणारा हुकूमनामा असेल तर एक वाट, नुसता आदेश असेल तर दुसरी. दिवाणी प्रक्रिया संहितेत १०४वं कलम आणि ४३वा आदेश यांत ज्या आदेशांची नावं घेतलीत त्यांवर लगेच अपील होतं. बाकीचे आदेश शेवटच्या अपिलापर्यंत थांबतात. तिथं १०५व्या कलमाचा आधार घेऊन त्यांच्यातली चूक दाखवता येते. प्राथमिक हुकूमनाम्याचं मात्र उलट आहे. त्याच्यावर वेळेत अपील केलं नाही, तर ९७वं कलम सांगतं की अंतिम हुकूमनाम्यावरच्या अपिलात तो वाद काढता येणार नाही. गहाणाच्या दाव्यात 'अजून अंतिम कुठं झालंय' म्हणून थांबलेली माणसं इथंच कायमची अडकतात.

खूप पक्षकार असले की या सगळ्याला आणखी एक पदर येतो, आणि तो दिलासा देणारा आहे. ४१व्या आदेशातला चौथा नियम म्हणतो, हुकूमनामा सगळ्या प्रतिवाद्यांना समान असलेल्या मुद्द्यावर उभा असेल, तर त्यांतला एकजणही संपूर्ण हुकूमनाम्यावर अपील करू शकतो, आणि वरचं न्यायालय तो सगळ्यांच्या बाजूनं फिरवू शकतं. मुद्दा प्रत्येकाचा वेगळा असेल तर मात्र ज्यानं त्यानं आपापलं पाहायचं.

परत फिरा. १९८१ साली याच न्यायालयात मुंबईचा एक खटला येतो, शाह बाबुलाल खिमजी विरुद्ध जयाबेन कानिया. उच्च न्यायालयातल्या एका न्यायाधीशाचा अंतरिम आदेश दोन न्यायाधीशांपुढं अपिलात नेता येतो का, हा वाद. उत्तर मिळतं की आदेशाच्या कपाळावरचं नाव बघून भागत नाही. त्यानं पक्षकाराचा एखादा मोलाचा हक्क खरोखर बाधित झालाय का, ते बघावं लागतं. चिपळूणच्या पडवीत वकिलांनी शेजाऱ्याला तेच विचारलं होतं. तुमच्या बाबतीत काय ठरलंय?

अलोरे, आज, तीच सकाळ

गाडी घाट चढलेलीच नाही. तुम्ही अजून थांब्यावर आहात आणि हातात तोच कागद आहे. आता तो वाचा. आकडा सोडून वाचा.

खाली सही कुणाची आहे? न्यायाधीशाची नाही. 'सहायक निबंधक, सहकारी संस्था.' वर काय लिहिलंय? 'महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०, कलम १०१ अन्वये वसुली दाखला.' म्हणजे थांब्यावरच्या काकांनी ज्याला कोर्टाचा कागद म्हटलं, तो कोर्टाचा नाहीच. निबंधकाच्या कचेरीनं चौकशी करून दिलेला हा १०१चा दाखला. त्याची वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी होते, म्हणून जप्तीला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

याच्यावर अपील होतं का? कायद्यातलं १५२वं कलम अपिलांची यादी देतं. त्या यादीत १०१ नाही. म्हणजे दुसरे गृहस्थ बरोबर होते. पण त्यांनी अर्धंच सांगितलं. त्यांच्या मेव्हण्यालाही कदाचित कुणी उरलेलं अर्धं सांगितलं नसेल. १५४व्या कलमाखाली पुनरीक्षण आहे. कागद मिळाल्यापासून दोन महिन्यांत, विभागीय सहनिबंधकांकडं. उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. १८९०च्या त्या तंबूत जे होतं, तेच हे. अपील नाही, रिव्हिजन आहे.

एक फरक मात्र आहे, आणि तो सांगताना माझा जीव तुटतो. तंबूतले न्यायाधीश दप्तर तपासायला स्वतः आले होते. १५४व्या कलमाच्या २अ पोटकलमानुसार वसुली दाखल्यावरचं पुनरीक्षण दाखल करून घ्यायचं, तर येणं असलेल्या एकूण रकमेपैकी निम्मी आधी भरावी लागते. तुमच्या कागदावर ती दोन लाख ऐंशी हजार होते. ही अट उगाच आलेली नाही. पतसंस्थेतला पैसा शेवटी ठेवीदारांचा असतो. एखाद्या विधवेनं मुलीच्या लग्नासाठी ठेवलेला असतो, आणि बड्या थकबाकीदारांनी तारखांवर तारखा घेऊन संस्था बुडवलेल्या महाराष्ट्रानं पाहिल्यात. पण ज्या जामीनदाराला चौकशीची नोटीसच मिळाली नाही, त्यानंही 'मला नोटीस मिळाली नाही' एवढं सांगायला आधी निम्मी रक्कम आणावी, हे मला पटत नाही. उच्च न्यायालयात रिटचा मार्ग उरतो. तिथं पहिला प्रश्न येतो तो 'आधी पुनरीक्षण केलंत का?' नैसर्गिक न्यायच डावलला गेला असेल तर न्यायालय ऐकू शकतं, पण तो भरवसा धरून घरी बसता येत नाही. अलोऱ्याच्या माणसाला एवढं आता जवळ आलंय की १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी जिल्ह्यासाठी उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. मुंबईची रात्र वाचली. घाट तेवढा चढायचा.

हाच कागद दुसऱ्या दारातून आला असता तर? सहकार न्यायालयानं ९१व्या कलमाखाली निवाडा दिला असता, तर ९७व्या कलमानं दोन महिन्यांत सहकार अपील न्यायालयात जाता आलं असतं. दिवाणी न्यायाधीशाचा हुकूमनामा असता, तर जिल्हा न्यायालयात तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद, आणि नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यात धरत नाहीत. म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्या दिवशीच टाकायचा. तडजोडीनं झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही, म्हणून तडजोडीवर सही करण्याआधीच विचार करायचा. रक्कम याहून बरीच मोठी असती आणि बँकेनं कर्जवसुली न्यायाधिकरणात नेलं असतं, तर तीस दिवस आणि तिथंही निम्मी रक्कम, जी अपील न्यायाधिकरण पंचवीस टक्क्यांपर्यंत कमी करू शकतं. माणसं तीच, आणि प्रत्येक दाराचं मोजमाप निराळं.

आता तिन्ही नावं एकेक करून वाचा, तंबूत वाचली तशी.

आतेभाऊ. कर्ज त्यानं घेतलंय. वाद असला तर हिशेबाचा: भरलेले हप्ते जमा धरलेत का, व्याज कसं लावलंय. तुम्ही. सही तुमची आहे, नोटीस तुम्हाला आली होती आणि ती तुम्ही कपाटावर ठेवून दिलीत. करार कायद्याचं १२८वं कलम सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. संस्थेनं आधी आतेभावाकडं जावं असा हट्ट तुम्हाला धरता येत नाही. पण तुम्ही भरलंत तर ते आतेभावाकडून वसूल करायचा हक्क तुमचा आहे, आणि तुम्ही व गुरुजी यांच्यात भार सारखा वाटला जातो. आणि गुरुजी? ते निवृत्त झाले तेव्हा शाळेजवळची खोली सोडून गावातल्या घरी गेले. दाखल्यावर त्यांचा पत्ता अजून त्या खोलीचाच आहे.

तुम्ही फोन लावता.

"गुरुजी, तुम्हाला कागद आला का हो?"

"आज सकाळी आला रे. पोस्टमन आधी जुन्या खोलीवर जाऊन आला म्हणे. मी अजून फोडला नाही. हात होत नाही." थोडा वेळ नुसता पाऊस ऐकू येतो. "अपील होतं का रे याच्यावर?"

"अपील नाही, गुरुजी. पुनरीक्षण आहे. पण त्याआधी मला एक सांगा. चौकशीची नोटीस तुम्हाला कधी आली होती?"

"नोटीस? कसली नोटीस?"

तुम्ही पिशवीतून पेन काढता. तुमच्या पाकिटावर कालची तारीख लिहिता आणि तिच्याखाली रेघ मारता.

"गुरुजी, पाकीट टाकू नका. चष्मा लावा. पोस्टाचा शिक्का बघा आणि आजची तारीख त्याच्यावर स्वतःच्या हातानं लिहा. आणि जुनी खोली सोडल्याचा काही कागद असेल तर तो काढून ठेवा. मी येतोय. चिपळूणला वकिलांकडं दोघं जाऊ, पण तुमचा अर्ज वेगळा लिहायचा."

चिपळूणची गाडी वळणावर दिसते. तुम्ही कागद घडी घालून पिशवीत ठेवता आणि रस्ता ओलांडून गुरुजींच्या घराकडं चालायला लागता.